कांगडा खोऱ्यातलं मीठ

थायरॉइडला आयोडीन लागतं, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण देशभराच्या मिठात ते घालायचं, या निर्णयाची मुळं हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात आहेत.

डोंगरउतारावरचा पाऊस आणि वितळणारं बर्फ मातीतलं आयोडीन धुऊन नेतं. मातीतच नाही, तर धान्यात आणि भाजीत कुठून येणार? थायरॉइड बनवतो त्या हार्मोनच्या, म्हणजे थायरॉक्सिनच्या, एका रेणूला आयोडीनचे ४ अणू लागतात. ते मिळेनासे झाले की पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला सारखी ढोसत राहते आणि तो फुगतो. हाच गलगंड. गळ्यावरची गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची झालेली हानी दिसतही नाही आणि भरूनही येत नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

१९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्याचे ३ भाग केले. (कांगडा तेव्हा पंजाबात होतं.) एकात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेटचं, तिसऱ्यात साधं. पुढच्या काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड स्पष्ट घटला, साध्या मिठाच्या भागात मात्र तो जागचा हलला नाही. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू झालं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आपल्या मिठात आज आयोडेट असतं, कारण दमट हवेत ते जास्त टिकतं.

एवढा पुरावा हाती असूनही २००० मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवरची केंद्राची बंदी उठवली गेली, ती पुन्हा लागू व्हायला २००६ उजाडलं. ही चूकच होती, असं माझं ठाम मत आहे.

आयोडीन एकटं पुरत नाही, हे नंतर उमगलं. ते हार्मोनमध्ये गुंफणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि टी-४ चं (म्हणजे थायरॉक्सिनचं) टी-३, म्हणजे शरीर प्रत्यक्ष वापरतं ते रूप, करणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम. आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड आणि अॅनिमिया दोन्ही असलेल्या मुलांना आयोडीनचा गुण कमी आला. लोहाच्या गोळ्या दिल्यावर तो वाढला. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

आशाताई घरी आल्या की चमचाभर मीठ मागतात आणि त्यावर किटमधला एक थेंब टाकतात. मीठ निळं-जांभळं झालं तर त्यात आयोडीन आहे.