प्रकाशयोजना शिकणं (नाटक आणि नृत्य)

रंगमंचावरचं काय दिसावं, किती दिसावं, कुठल्या बाजूने दिसावं आणि कधी दिसेनासं व्हावं हे ठरवायचं काम म्हणजे प्रकाशयोजना. नाटकाच्या गाडीबरोबर फिरून लाईट लावणारे आणि प्रयोगाला कंट्रोल बोर्डावर बसणारे लोक प्रकाशयोजनाकारापेक्षा वेगळे असतात, पण आपल्याकडचे बरेच प्रकाशयोजनाकार त्याच वाटेने वर आलेत, म्हणजे आधी केबल ओढली, शिडी चढले, मग डिमर (उजेड कमीजास्त करायचं यंत्र) सांभाळला आणि कधीतरी कुणी म्हणालं की पुढच्या एकांकिकेचे लाईट तूच कर.

ही कला तशी नवीनच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा उजेड ज्योतीचाच होता, आणि ज्योत लागते किंवा विझते, तिच्याकडून फार काही करून घेता येत नाही. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ साली विजेचे दिवे आले आणि मग उजेड कमीजास्त करणं सोपं झालं. स्वित्झर्लंडचे नेपथ्यकार अडोल्फ आपिया यांनी उजेड संगीतासारखा वापरता येतो हे मांडलं, तर अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेसने १९३२ साली त्याची शिकवता येईल अशी पद्धत पुस्तकात लिहून ठेवली: स्टेजचे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी साधारण ४५ अंशातून दोन दिवे टाकायचे, एक उबदार रंगाचा आणि एक थंड. आजही नवशिक्याला ‘जनरल’ (सगळ्या स्टेजवरचा साधा उजेड) लावायला सांगतात तेव्हा मुळात हेच असतं. भारतात तापस सेन या प्रकाशयोजनाकाराचं नाव माहीत नसेल तर शिकणं अर्धवट आहे. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जातं आणि माणसं बुडतात, ते पाणी सेन यांनी फक्त उजेडाने दाखवलं होतं.

शिकायची सुरुवात मात्र एका दिव्याने करावी, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. हॉल पूर्ण काळोखा करायचा, मित्राला खुर्चीत बसवायचं आणि एकच स्पॉट त्याच्याभोवती फिरवत बघत बसायचं. अगदी समोरून टाकला की चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट होतो. थोडा वर आणि थोडा बाजूला नेला की नाकाची सावली गालावर उतरते आणि चेहऱ्याला हाडं येतात. बरोबर डोक्यावर आणला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे राहतात, मागून दिला तर केसांना आणि खांद्यांना कड येऊन माणूस पडद्यापासून सुटा होतो, आणि खालून दिला तर तोच मित्र ओळखू येत नाही. हे तासभर केलं की कळतं की आपण उजेड लावत नसून सावल्या लावतोय, आणि दुसरा दिवा लावायच्या आधी पहिल्याने केलेल्या सावलीचं काय करायचं हे ठरवावं लागतं. पहिल्या एकांकिकेत जवळजवळ सगळेच वीस दिवे लावून मोकळे होतात आणि मग काहीच दिसत नाही, कारण सगळंच दिसत असतं.

नाटक आणि नृत्य इथे वेगळे होतात. नाटकात शब्द असतात आणि माणसाचे डोळे-ओठ दिसले नाहीत तर प्रेक्षकाला ऐकूही कमी येतं असं वाटतं, म्हणून समोरचे दिवे सोडता येत नाहीत. नृत्यात सगळं शरीरच बोलत असतं, म्हणून तिथे विंगेतून येणारे साईडचे दिवे महत्त्वाचे. डोक्याच्या उंचीवर एक, कमरेला एक, पोटरीजवळ एक असे स्टँडवर लावले की वळलेली पाठ, उचललेला हात, ताणलेली मांडी सगळं कोरून काढल्यासारखं दिसतं. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहॅमच्या नृत्यांची प्रकाशयोजना करणाऱ्या जीन रोझेंथाल यांच्यामुळे ही पद्धत नृत्यात रूढ झाली. पण ती जशीच्या तशी उचलून भरतनाट्यमला लावली तर अभिनयाच्या वेळी चेहरा अर्धा जातो, म्हणून पदम (अभिनयाचा भाग) सुरू झालं की समोरचा उजेड हळूच वाढवायचा आणि जतीला (नुसत्या तालाच्या नृत्ताला) परत कमी करायचा.

रंगाचं शिक्षण कपडे घेऊनच होतं. नर्तकीच्या बोटांवरचा आणि पावलांवरचा आलता गडद लाल जिलेटीनखाली (दिव्यासमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) जवळपास पुसला जातो, निळ्या-हिरव्याखाली तोच काळा पडतो. कुंकवाचंही तसंच, आणि हिरवी नऊवारी लाल उजेडात काळपट दिसते. त्यामुळे कपडे ठरल्याशिवाय रंग ठरवू नये आणि रंगीत तालमीला खरे कपडे घालूनच उभं राहा म्हणून हट्ट धरावा, लोक कंटाळतात तरी धरावा. अजून एक, हॅलोजन मंद केला की तो आपोआप पिवळा-तांबूस होतो, त्यामुळे ३० टक्क्यांवरचा निळा हा १०० टक्क्यांवरचा निळा नसतोच.

विजेचा हिशेब टाळता येत नाही. १००० वॉटचा एक पार (डब्यासारखा साधा स्टेजचा दिवा) २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आत ओढतो, म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन, चौथा नाही. कंट्रोलची बाजू आता डीएमएक्सवर (बोर्डाकडून दिव्यांना हुकूम पाठवायची डिजिटल पद्धत) आहे, एका लाईनवर ५१२ चॅनल, ते आठवड्यात शिकून होतं. बघायला शिकायला मात्र वर्षं लागतात.

रीतसर शिकायचं तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी, गोव्यात कला अकादमी असे रस्ते आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला वेगळं बक्षीस असतं त्यामुळे गावोगावची मुलं यात उतरतात हे फार चांगलं आहे. दौऱ्यावरच्या नाटकाचं शिक्षण आणखी वेगळं, कारण आज शिवाजी मंदिर, उद्या बालगंधर्व, परवा तालुक्याचा हॉल जिथे समोरच्या बारवर (दिवे टांगायच्या दांडीवर) चारच दिवे चालू, आणि हातात दोन-तीन तास. अशा वेळी कुठले दिवे गेले तरी चालतील आणि कुठल्या एकाशिवाय प्रसंगच उभा राहत नाही हे ज्याने आधीच ठरवलेलं असतं तो वाचतो. पृथ्वी थिएटरला तर तीन बाजूंनी प्रेक्षक, म्हणजे एकाचा साईडलाईट दुसऱ्याचा समोरचा दिवा.

क्यू शीट, म्हणजे कुठे कुठला उजेड बदलायचा याची यादी, लिहिताना नवशिके जागा लिहितात आणि वेळ विसरतात. फेड, म्हणजे उजेडाचा हळूहळू बदल, तीन सेकंदांचा की बारा, यावर प्रसंगाचा श्वास ठरतो, आणि कथकच्या कार्यक्रमाला बसायचं तर तीनतालाच्या १६ मात्रा मोजता यायलाच हव्यात, कारण तिहाई (तीनदा म्हटलेला बोल) संपून सम (तालाची पहिली मात्रा) येते तिथेच ब्लॅकआऊट हवा असतो. हॅलोजनची तार बटण बंद केल्यावरही क्षणभर तांबडी राहते, म्हणून जुने ऑपरेटर समेच्या किंचित आधी फेडर (बोर्डावरची सरकती खुंटी) ओढतात. एलईडी लावले असतील तर समेवरच.