रंगाचा थर आणि खारा वारा

पणजीतल्या कुठल्याही पार्किंगमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या छोट्या गाड्यांवरची कंपनीची चिन्हं झाकली, तर बाजूने बघून कोणती कुणाची हे सांगणं जाणकारालाही जड जाईल. हा दोष डिझायनरच्या कल्पनाशक्तीचा कमी आणि अटींचा जास्त. भारतात 2006 पासून चार मीटरच्या आतल्या गाडीला, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत (डिझेल 1500) असेल, तर कर कमी लागतो. म्हणून 2008 मध्ये टाटांनी इंडिगोची डिक्की आखडून इंडिगो सीएस काढली आणि 2012 मध्ये मारुतीने डिझायरचं तेच केलं. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आदळलं तर पत्र्याला दबायला जागा हवी, म्हणून बॉनेट इंजिनाच्या बरंच वर. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून काच तिरकी. इतकं सगळं पाळून डिझायनरकडे उरतात दिवे, जाळी, चाकं आणि रंग. मालकाच्या हातात तर शेवटची दोनच, आणि गोव्याच्या हवेत नेमकी तीच सर्वांत आधी बिघडतात.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी विद्युतभारित रंगाच्या टाकीत बुडवतात. हा सुमारे 20 मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सांदीकोपऱ्यांतही पोचतो. गंजापासून खरं रक्षण त्याचंच. त्यावर 30 ते 35 मायक्रॉन प्रायमर, 15 च्या आसपास रंग आणि 40 ते 50 पारदर्शक लॅकर. सगळं मिळून जाडसर कागदाएवढं, आणि ज्यासाठी आपण शोरूममध्ये तासभर घालवतो तो रंग त्यातला जेमतेम आठवा हिस्सा.

मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. त्या आडव्या बसल्या की समोरून पत्रा उजळ आणि तिरक्या नजरेला गडद दिसतो. पर्ल रंगात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ लेप असतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि लेपाच्या जाडीनुसार कोणता रंग उठून दिसेल ते ठरतं.

ठोकर लागलेला दरवाजा रंगवताना रंगाचा कोड तंतोतंत जुळूनही छटा वेगळी दिसते, ती या चकत्यांमुळे. फवारा ओला पडला तर मेटॅलिक गडद होतो, कोरडा पडला तर फिका. चांगला पेंटर आधी चाचणीच्या पट्टीवर मारून उन्हात बघतो, रंग शेजारच्या पत्र्यावर थोडा विरत नेतो आणि लॅकर मात्र दोन्ही पत्र्यांवर पूर्ण मारतो. ‘फक्त दरवाजा मारून देतो’ म्हणणाऱ्याकडे मेटॅलिक गाडी देऊ नये. चवथीच्या आधी गाडी नवी दिसावी म्हणून भर पावसात रंगकाम काढलं जातं, तेही बंद बूथ नसेल तर टाळावं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतो.

मॅट रंग सुंदर दिसतो, पण तो घेण्याआधी गाडी कुठे उभी राहणार ते बघा. त्याच्या लॅकरमध्ये सिलिकाचे कण असतात, ते प्रकाश विखुरतात. ओरखडा पॉलिशने काढायला गेलात की तेवढाच डाग चकाकतो आणि तो परत मॅट होत नाही. आंब्याखाली उभ्या गाडीवरची पक्ष्यांची विष्ठा आणि चीक त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवायला हवा.

किनारपट्टीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती डायमंड कट अलॉय चाकांमुळे. या चाकाचा दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत करतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर असतो. रंग नाही, प्रायमर नाही. फुटपाथला घासून एक टवका उडाला की मिठाचा ओलावा लॅकरखाली शिरतो आणि पांढऱ्या धाग्यांसारखी वेडीवाकडी गंजरेष सरकत जाते. पॅच मारून ती थांबत नाही. लॅकर पूर्ण उतरवून चाक पुन्हा कातावं लागतं, आणि दर वेळी धातू कमी होतो. समुद्राजवळ राहणाऱ्याने सरळ पूर्ण रंगवलेलं अलॉय घ्यावं.

पूर्ण गाडीला विनाइल रॅप (चिकट प्लास्टिक फिल्मचं आवरण) करायचं तर कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली फिल्मच मागा. स्वस्त कॅलेंडर्ड (रुळांत दाबून बनवलेली) फिल्म ताणून बसवली तरी वळणांवरून पुन्हा आकसते. कडा आत दुमडल्यावर हीट गनने साधारण 90 ते 100 अंशांपर्यंत तापवल्या नाहीत, तर पहिल्याच पावसाळ्यात उचलतात. खाली पुट्टीवर मारलेला कच्चा रंग असेल तर फिल्म काढताना तोही सोलून निघतो. आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे गाडीचा रंग बदलला की आरटीओत ती बदलून घ्यावी लागते. रंग म्हणजे ओळख, हे पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीच्या) पिवळ्या मडगार्डमुळे गोंयकाराला वेगळं सांगायला नको.

सायकलीत मात्र आकारालाच मोकळीक आहे. पोदेराच्या (दारोदार पाव विकणाऱ्याच्या) सायकलीची हँडल धरणारी पुढची नळी रेसिंग सायकलीपेक्षा जास्त कललेली (जमिनीशी 68 अंशांच्या आसपास, रेसिंगची साधारण 73) आणि दोन चाकांतलं अंतर लांब. मागे पावांची भरलेली टोपली असूनही ती सरळ चालते, ती यामुळे. आपली सायकल वेगळी दिसावी म्हणून स्टीलच्या फ्रेमला पावडर कोटिंग करणं हा उत्तम उपाय: 60 ते 100 मायक्रॉन थर, 180 ते 200 अंशांच्या भट्टीत 10 ते 20 मिनिटं. पॅडलच्या धुरीचे आटे आणि हेडसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या बसण्याची जागा सिलिकॉन बुचांनी झाकून घ्या, नाहीतर बेअरिंग बसत नाहीत. जुना रंग काढायचं सँडब्लास्टिंग बारीक वाळूने, कमी दाबावर; चांगल्या नळीची भिंत मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असू शकते. कार्बन फ्रेम या भट्टीत कधीही घालू नये, तिच्यातलं इपॉक्सी मऊ पडतं.

फ्रेम परत आली की नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारा आणि सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) ग्रीस लावूनच तो घाला. स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट खाऱ्या हवेत कोरडा राहिला तर दोन धातूंत विद्युत-रासायनिक गंज धरतो आणि सीटपोस्ट असा जाम होतो की शेवटी करवतीने कापावा लागतो. दर पावसाळ्याआधी तो एकदा बाहेर काढून पुसावा.