हान्सा कॅनन

हान्सा कॅनन : 35 मिमी. फिल्मवर 24 × 36 मिमी. आकाराची छायाचित्रे टिपणारा जपानी रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून वस्तूचे अंतर ठरवणारी यंत्रणा असलेला) कॅमेरा. टोकियोतील ‘सेइकी कोगाकू केन्क्यूजो’ (सूक्ष्म प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा) या छोट्या संस्थेने तो घडवला आणि फेब्रुवारी 1936 मध्ये विक्रीस आणला. आजच्या कॅनन कंपनीचा बाजारात उतरलेला हा पहिला कॅमेरा. त्याची लेन्स मात्र निक्कोर होती, म्हणजे जिला आज आपण निकॉन म्हणतो त्या कंपनीची.

त्या काळी लहान कॅमेऱ्यांच्या क्षेत्रात जर्मनीचा दबदबा होता. लायका 1925 साली आला. रेंजफाइंडर जोडलेला लायका II आणि काँटॅक्स हे दोन्ही 1932 चे. जपानमध्ये लायकाची किंमत 420 येन होती आणि बँकेत नव्याने लागलेल्या पदवीधराचा पगार महिना 70 येन. सिनेकॅमेरे दुरुस्त करणाऱ्या योशिदा गोरो यांनी एक लायका पूर्ण सुटा करून पाहिला. आत पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड, रबर अशीच साधी सामग्री निघाली. मग हा आपल्याकडे का होऊ नये, या ईर्ष्येने त्यांनी मेहुणे उचिदा साबुरो यांच्यासह 1933 मध्ये रोप्पोंगी भागात प्रयोगशाळा थाटली.

जून 1934 मध्ये ‘क्वानॉन’ कॅमेऱ्याची जाहिरात झळकली. जपानी पाणबुडी आणि विमानाच्या पंक्तीला हा कॅमेरा बसवून ही तिन्ही यंत्रे जगात अव्वल असल्याचा दावा तीत होता. योशिदा कान्नोन या बोधिसत्त्वाचे भक्त होते, म्हणून हे नाव; लेन्सलाही बुद्धशिष्य महाकाश्यपाच्या स्मरणार्थ ‘कश्यप’ म्हटले होते. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच, आणि कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात त्याचीच अकरा मुखांची मूर्ती आहे. क्वानॉन प्रत्यक्षात विक्रीला आलाच नाही आणि योशिदा त्याच वर्षी संस्थेतून बाहेर पडले. ‘कॅनन’ हे व्यापारचिन्ह 1935 मध्ये नोंदवले गेले. ‘हान्सा’ हे वितरक ओमिया कंपनीचे चिन्ह. ते वरच्या पत्र्यावर कोरलेले असे. हा शब्द नसलेले कॅमेरेही आढळतात.

प्रयोगशाळेकडे शटर आणि बॉडी बनवण्याची हातोटी होती. काचेचे काम तिच्या आवाक्यातले नव्हते. ते 1917 साली स्थापन झालेल्या ‘निप्पॉन कोगाकू’ने पत्करले. 50 मिमी. एफ/3.5 निक्कोर लेन्स, ती बसवण्याचा माउंट, व्ह्यूफाइंडरची (चित्राची चौकट पाहण्याच्या खिडकीची) भिंगे आणि रेंजफाइंडरची यंत्रणा हे सारे तिकडून येई. कॅमेऱ्याचा प्राण ज्यात असतो तो बहुतेक भाग निप्पॉन कोगाकूचा होता, हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे.

लायकाच्या पेटंटांना वळसा घालावा लागल्याने या कॅमेऱ्याला त्याचे खास रूप आले. किती फोटो काढून झाले हे दाखवणारी चकती वर न ठेवता पुढच्या अंगाला बसवली आहे. व्ह्यूफाइंडर एरवी मिटलेला असतो. कळ दाबली की टुणकन वर येतो. त्यामुळे जपानी लोक या कॅमेऱ्याला ‘बिक्कुरी-बाको’ म्हणत, म्हणजे झाकण उघडताच बाहुले उसळून बाहेर येते तो खेळण्यातला डबा. फोकससाठी पुढच्या बाजूचे दातेरी चाक बोटाच्या टोकाने फिरवायचे. रेंजफाइंडरच्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले. मग डोळा तिथून काढून व्ह्यूफाइंडरला लावायचा आणि चौकट ठरवायची. फिल्म तळाचे झाकण काढून भरावी लागे. कापडी पडद्याचे शटर आडवे सरके आणि 1/20 ते 1/500 सेकंद इतके वेग देई. 1/20 पेक्षा मंद ठरावीक वेगांची सोय पुढे ‘कॅनन एस’मध्ये झाली.

लेन्ससह किंमत 275 येन, म्हणजे लायकाच्या सुमारे दोन तृतीयांश. तरीही नोकरदाराच्या दृष्टीने तो चैनीचाच माल होता.

10 ऑगस्ट 1937 रोजी संस्थेची रीतसर कंपनी झाली. प्रारंभापासून पाठीशी उभे राहिलेले प्रसूतितज्ज्ञ डॉ. मिताराई ताकेशी 1942 मध्ये तिचे अध्यक्ष झाले, आणि 1947 मध्ये कंपनीने कॅमेऱ्याचेच नाव धारण केले. दरम्यान तिने ‘सेरेनार’ ही स्वतःची लेन्स विकसित केली होती. निप्पॉन कोगाकूने 1948 मध्ये ‘निकॉन’ हा 35 मिमी. कॅमेरा आणला आणि एकाच कॅमेऱ्यासाठी एकत्र राबलेल्या या दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक झाल्या.