मूळ की नवी घडवलेली अंतर्सजावट : जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारातील वादाची पार्श्वभूमी

जुन्या मोटारीच्या इंजिनातील एखादा भाग ठेवायचा की बदलायचा, हे बहुतेक वेळा मोजमाप घेऊन ठरवता येते. आसनांची कव्हरे, दारांची पॅनेल, डॅशबोर्डचे गादीदार आवरण किंवा छताचे अस्तर यांना मात्र तसे माप लावता येत नाही, आणि म्हणूनच जीर्णोद्धारातला सर्वांत चिवट वाद अंतर्सजावटीभोवती फिरत आला आहे.

आरंभीच्या मोटारींची अंतर्सजावट घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांच्या परंपरेतून आली. चामडे, लोकरी कापड, घोड्याचे केस, लाकूड हे सारे साहित्य हाताने पुन्हा घडवता येण्याजोगे असल्यामुळे गादी नव्याने भरणे ही निव्वळ देखभाल मानली जाई. अडचण आली ती प्लास्टिकमुळे. १९३० च्या दशकात सेल्युलोजजन्य प्लास्टिकची स्टिअरिंग चाके आली, जी पुढे आक्रसून तडकली. १९५० च्या दशकात रेक्झिन या सरसकट नावाने ओळखले जाणारे व्हिनाइल आसनांवर रुळले आणि अमेरिकी कारखान्यांत त्यावर शिवणीऐवजी उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाने साचा दाबून नक्षी उमटवली जाऊ लागली. १९६८ च्या अमेरिकी सुरक्षा नियमांनंतर फोमवर व्हिनाइल चढवलेला डॅशबोर्ड सर्वत्र दिसू लागला. व्हिनाइलला लवचीक ठेवणारे द्रव्य उन्हाने आणि काळाने बाहेर पडते. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला साचणारा चिकट थर बराचसा त्याचाच असतो. हे द्रव्य गेले की पृष्ठभाग कडक होऊन फुटतो आणि चामड्याला जसे तेलपाणी करून सावरता येते तसे त्याला सावरता येत नाही. शिवाय मूळ साचा हाती नसेल तर कितीही कुशल कारागीर तो भाग हुबेहूब घडवू शकत नाही.

उत्पादक कंपन्या मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षे सुटे भाग पुरवतात आणि नंतर साचे मोडीत काढतात किंवा विकतात. १९७० आणि १९८० च्या दशकांत ही पोकळी भरून काढणारा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. साचे बनवण्याचा खर्च मोठा असल्याने तो लाखोंच्या संख्येने विकल्या गेलेल्या, लोकप्रिय दोन दारी गाड्यांपुरताच परवडला. परिणामी त्याच कंपनीच्या, त्याच वर्षीच्या चार दारी गाडीच्या मालकाला दाराचे एक पॅनेलही मिळेनासे झाले, आणि त्याच्यापुरता मूळ की नवे हा प्रश्नच उरला नाही. सुरुवातीच्या नकला सुमारच होत्या. व्हिनाइलचा पोत उथळ असे, रंग उन्हात फिकटलेल्या नमुन्यावरून जुळवलेला असे आणि दाबून उमटवलेल्या नक्षीच्या जागी सरळ शिवण मारलेली असे. पुढे त्यांत बरीच सुधारणा झाली. १९७४ पूर्वीच्या अमेरिकी गाड्यांना फाशांच्या विणीचा रेयॉन-नायलॉन गालिचा आणि त्यानंतरच्या गाड्यांना कापलेल्या धाग्यांचा गालिचा, हा भेदही आता पुरवठादार पाळतात.

नकला सुधारल्या तसा वाद पेटला, आणि त्याच्या केंद्रस्थानी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धांचा एक निकष होता. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना जशी होती तशी दिसावी, आणि त्यापासून जेवढी ढळेल तेवढे गुण कापावेत, असा तो निकष. नव्याने बनवलेला भाग मुळाहून वेगळा ओळखू येत नसेल तर त्याला पूर्ण गुण मिळत. विरलेल्या, पण अस्सल आसनाचे गुण मात्र कापले जात. या निकषाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते : परीक्षक आसन उसवून पाहू शकत नाही, आणि केवळ दुर्मीळ भाग विकत घेण्याची ऐपत असलेल्यालाच बक्षीस मिळावे हेही योग्य नाही. तरीही त्याची किंमत मोठी पडली. थोडी सुरकुतलेली, पण धडधाकट असलेली असंख्य मूळ कव्हरे केवळ गुणांसाठी उतरवून फेकली गेली आणि मूळ टाक्यांची घनता, भरणाचे थर, व्हिनाइलचा खरा रंग यांचा पुरावा त्यांच्याबरोबर गेला. आज नकला बनवणाऱ्यांनाच चांगले नमुने मिळत नाहीत, याचे एक कारण हेच आहे.

याच निकषाने कंपनीच्या डब्यात न वापरता राहिलेल्या जुन्या भागांची गुंतागुंतही वाढवली. डब्यावर कंपनीचे नाव आणि भाग-क्रमांक असल्यामुळे ते निर्विवाद अस्सल समजले जातात आणि त्यांच्या किमतीही तशाच चढ्या असतात. पण त्यांतील बरेच भाग गाडीच्या जुळणीसाठी नव्हे, तर नंतरच्या दुरुस्तीसाठी बनवले गेले होते, आणि अनेक वर्षांच्या गाड्यांना एकच भाग चालावा म्हणून त्यांचा पोत किंवा छटा बदललेली असे. उत्तम मूळ नमुन्यावरून काढलेली नक्कल अशा वेळी कंपनीच्या शिक्क्याच्या भागापेक्षा अधिक अचूक ठरते. त्यातच डब्यात पडून राहिले म्हणून व्हिनाइलचे वय थांबत नाही. कधीही न बसवलेला डॅशबोर्डही बसवायला गेल्यावर आक्रसलेला निघतो.

पारडे फिरले ते २००० नंतर. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रतिष्ठित सोहळ्याने जीर्णोद्धार न झालेल्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट सुरू केला आणि झिजलेले चामडे ही उणीव न राहता गुणवत्ता ठरू लागली. २०१२ मध्ये ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, तुरीन सनद स्वीकारली. नव्याने बसवलेल्या भागांवर कायमची खूण असावी आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत राहावेत, असे ती सुचवते. स्पर्धांना नक्कल ओळखू येऊ नये असे वाटते आणि सनदेला ती ओळखता यावी असे वाटते. या दोन्हींचा मेळ अद्याप बसलेला नाही, आणि दीर्घकाळाचा विचार केला तर सनदेची बाजू अधिक भक्कम आहे.

दरम्यान साहित्याची उपलब्धताही बदलली. ब्रिटिश मोटारींना पिढ्यान्‌पिढ्या चामडे पुरवणारी पेढी २००२ मध्ये बंद पडली. त्रिमितीय छपाईमुळे बटणे आणि चौकटी यांसारखे कडक भाग पुन्हा मिळू लागले, परंतु व्हिनाइलच्या पोताला तिचा उपयोग नाही. म्हणून मूळ कव्हर हलक्या हाताने उतरवून आतला भुगा झालेला फोम तेवढा बदलायचा आणि तेच कव्हर पुन्हा चढवायचे, हा मध्यममार्ग अनेक कार्यशाळांनी स्वीकारला आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र अस्सलपणाचा आग्रह टिकत नाही. अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेवर अमेरिकेत सप्टेंबर १९७२ पासून मर्यादा आली, तोवरच्या साहित्याला ती लागू नव्हती. आसनपट्ट्यांचे विणकाम तर उन्हाने इतके कमकुवत होते की गाडी रस्त्यावर चालवायची असल्यास मूळ बकल ठेवून पट्टा नवा विणून घेतला जातो.