केळीच्या दोन वह्या

रावेर-यावलकडच्या मृगबागेत (मृगाच्या पावसात लावलेल्या केळीच्या बागेत) बसराई आणि ग्रँड नैन या केळीच्या दोन जाती शेजारी लावलेल्या असल्या, तर कोणीही ओळखेल: बसराई बुटकी, ग्रँड नैन तिच्याहून उंच. पण नेहमीच्या डीएनए मार्करने तपासलं तर दोघींच्या पट्ट्या बहुतेक वेळा हुबेहूब सारख्या येतात. दोघी कॅव्हेंडिश गटातल्या, बी न धरणाऱ्या, कंदापासून वाढत आलेल्या. कधीतरी एखाद्या कोंबात डीएनए किंचित बदलला आणि उंची बदलली. मार्कर पाहतो त्या जागी तो बदल नव्हताच.

मार्कर म्हणजे डीएनएमधल्या निवडक जागा, इतकंच. तेवढ्यावरून अख्खं कुळ मांडायला गेलं की घोटाळा होतो.

आपल्याकडे भाट वही घेऊन येतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचतो. त्या वहीत वंश बापाकडून चालतो, आजीचं माहेर तिथे सापडत नाही. केळीत अशा दोन वह्या आहेत. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकातला डीएनए आईकडून येतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेतला बापाकडून. (माणसात तंतुकणिका आईकडून येते, केळीत उलटं. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.) त्यामुळे एकाच झाडाचे दोन मार्कर दोन वेगळ्या रानकेळींकडे बोट दाखवू शकतात, आणि दोन्ही खरे असतात.

दुसरी अडचण पट्टीच्या लांबीची. मायक्रोसॅटेलाइट नावाच्या मार्करमध्ये डीएनएची दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि हा तुकडा कधी वाढतो, कधी आखडतो. एका केळीत तो १४८ अक्षरांवरून १५० झाला, दुसरीत १५२ वरून १५०. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, दोन्ही पट्ट्या एकाच रेषेत. भुसावळहून आलेला आणि धुळ्याहून आलेला जळगाव स्टँडवर शेजारी उभे असले, म्हणून एका गावचे होत नाहीत.

यावर संगणकाचं काम वेगळंच. फांद्या फुटणारा वंशवृक्ष काढायला सांगितला की तो काढतोच. पण केळीचं कुळ फांद्यांनी फुटत गेलेलं नाही, संकरातून पुन्हा पुन्हा एकत्र आलेलं आहे. कॅव्हेंडिशमध्ये ३३ गुणसूत्रं आहेत, ११ चे तीन संच, तेही वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले. २०१२ साली केळीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून गुणसूत्राचा तुकडा न्‌ तुकडा पूर्वजांशी ताडून पाहता येतो. लागवडीच्या जातींत असेही तुकडे निघाले, जे आतापर्यंत तपासलेल्या कोणत्याच रानकेळीशी जुळत नाहीत.