खासगी उपद्रव

शेजाऱ्याने स्वतःच्या जागेत केलेल्या किंवा चालू दिलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्याला आपल्या घरा-जमिनीच्या उपभोगात वाजवीपेक्षा जास्त अडथळा होणे, याला कायद्यात खासगी उपद्रव म्हणतात. शेजारी स्वतः हद्दीत शिरला तर ते अतिक्रमण. धूर, वास, आवाज, हादरे, पाणी, झाडाची मुळे हद्द ओलांडून आली तर उपद्रव. भारतात यासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. इंग्रजी निवाड्यांवरून चालत आलेला दुष्कृतीचा कायदा (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या दिवाणी चुकांचा कायदा) आणि १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम (सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा वाट, पाणी यांसारखा हक्क) यांवर दिवाणी न्यायालये भिस्त ठेवतात.

सगळे घोडे ‘वाजवी’ या शब्दापाशी अडते. स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन (१८७९) या खटल्यात न्यायालयाने म्हटले की एका वस्तीत जो उपद्रव ठरेल तो दुसऱ्या वस्तीत ठरेलच असे नाही. हर्णैसारख्या मासळी बंदरालगत सुकत्या म्हावऱ्याचा वास येणारच. तीच मासळी दापोली शहरातल्या सोसायटीच्या गच्चीवर रोज पसरली तर तक्रारीला जागा आहे. पण याच निवाड्याची दुसरी बाजूही आहे: ‘धंदा आमचा आधीचा, तुम्ही नंतर राहायला आलात’ हा बचाव टिकत नाही. किनाऱ्यावर नव्याने बांधलेली घरे आणि जुने व्यवसाय यांच्या तंट्यात हा मुद्दा निघतोच, आणि जुन्या माणसाला तो अन्यायाचा वाटतो, यात नवल नाही. मालमत्तेचेच नुकसान झाले असेल तर वस्ती कोणती हा प्रश्न गौण होतो (सेंट हेलेन्स स्मेल्टिंग विरुद्ध टिपिंग, १८६५). जांभ्याच्या चिरेखाणीची धूळ पडवीत येणे आणि तिच्या हादऱ्यांनी भिंतीला तडा जाणे यांत म्हणूनच फरक आहे.

शेजारच्या आंब्या-फणसाच्या फांद्या आपल्या परड्यावर आल्या तर हद्दीपर्यंत छाटता येतात, पण तेवढ्याने फळे आणि लाकूड छाटणाऱ्याचे होत नाही. शिवाय वृक्षतोडीचे नियम वेगळे पाहावे लागतात.

कोकणात खरी भांडणे होतात ती पाणी आणि वाट यांवरून. उताराच्या जमिनीत वरच्या मळ्याचे पावसाचे पाणी नैसर्गिक रीतीने खाली येणारच. खालच्याने गडगा घालून ते तुंबवायचे नाही, असा वरच्या मालकाचा हक्क सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ मध्ये धरला आहे. छपराची पागोळी किंवा पन्हळीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे मात्र नैसर्गिक प्रवाहात मोडत नाही. त्याला वेगळा हक्क मिळवावा लागतो. शेतीच्या किंवा झाडे-पिकांच्या जमिनीवरचे पाणी कोणी बेकायदा अडवले, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग जवळचा. न्यायालयात गेल्यास मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मिळू शकते, आणि घातलेला अडथळा काढण्याचाही आदेश होऊ शकतो.

वाटेचा हक्क वीस वर्षांच्या वहिवाटीने मिळतो (सुविधाधिकार अधिनियम, कलम १५). सरकारी जमीन असल्यास तीस. वापर उघड, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून झालेला हवा. ‘जा बाबा अंगणातून’ अशी परवानगी दिली असेल, तर कितीही वर्षे गेली तरी हक्क तयार होत नाही. उलट, मूकपणे चालू दिलेल्या वाटेचा पुढे दावा होऊ शकतो, म्हणून काही मालक वर्षातून एकदा बेडे (फाटक) लावून वाट बंद ठेवतात. एवढ्याने मुदत खंडित होतेच असे नाही: कलम १५ नुसार अडथळा कळल्यावर तो एक वर्ष सोसून घेतला, तरच कायद्याच्या दृष्टीने खंड पडतो.

आणखी एक अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. सुविधाधिकार दुसऱ्याच्या जमिनीवर असतो, स्वतःच्या नव्हे. त्यामुळे भावकीतल्या न वाटलेल्या जमिनीतली वाट अडली तर सहहिस्सेदाराला वहिवाटीचा दावा लागू पडत नाही. सहमालक म्हणूनच दाद मागावी लागते किंवा वाटप करून घ्यावे लागते. वाटपानंतर एखाद्या हिश्शाला दुसरी वाटच उरत नसेल, तर कलम १३ खाली गरजेपोटीचा हक्क मिळतो.

मिळालेला हक्क जातोही. वाट सलग वीस वर्षे वापरली नाही तर कलम ४७ प्रमाणे तो संपतो, आणि घर चाकरमान्यांचे म्हणून बंद होते, एवढी सबब त्याला पुरत नाही.