बरणीतल्या घाटेअळ्या

गेल्या हिवाळ्यात भाच्यानं शाळेच्या प्रकल्पासाठी हरभऱ्यावरून सात घाटेअळ्या वेचल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या. झाकणाला भोकं पाडली, डहाळ्या कोंबून भरल्या. तिसऱ्या दिवशी बरणीत दोनच अळ्या. एक टम्म फुगलेली, दुसरी अर्धी कुरतडलेली. पाला मात्र शिल्लक होता.

ओट्यावरच्या आबाजींनी बरणी उन्हात धरून पाहिली. "आपल्याच जातीले खाते हे? मंग माणूस माणसाले काऊन नाही खात गा?"

हीच अळी कपाशीवर गेली की आपण तिला बोंडअळी म्हणतो. ती भावंडांनाही सोडत नाही, म्हणून प्रयोगशाळेत एकेक अळी वेगळ्या खणात वाढवतात. तिच्या दृष्टीनं सौदा चोख आहे. आयती प्रथिनं मिळतात, वर वाटेकरी कमी होतो.

पण त्यात एक फट आहे. संध्याकाळी नीळ मिसळून आपण एचएएनपीव्ही फवारतो, तो या अळीचा विषाणू. (उन्हानं तो मरतो, म्हणून नीळ.) रोगट अळी झाडाला उलटी लटकते, अंगाचं पाणी होतं. तिला जी खाते, तिलाही तोच रोग लागतो. दुसऱ्या जातीचा रोग आपल्याला लागेलच असं नाही; आपल्या जातीचा रोग मात्र आपल्या शरीराला सरावूनच आलेला असतो.

माणसात हे पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात दिसलं. तिथले फोरे लोक मेलेल्याचं शरीर खात. शत्रूचं नव्हे, स्वतःच्या आईचं, मावशीचं. किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्या माणसांच्या पोटात गेलेलं बरं, ही त्यामागची माया. मेंदू बहुतेक बायका-लेकरांच्या वाट्याला यायचा, आणि 'कुरू' या मेंदूच्या रोगानं मरणाऱ्यांतही त्याच जास्त. आधी तोल जायचा, मग अंग थरथरायचं, साधारण वर्षभरात माणूस संपायचा. अमेरिकी संशोधक कार्लटन गायडुसेक यांनी हा रोग चिंपांझींना लागतो हे दाखवलं; 1976 साली त्यांना नोबेल मिळालं. रोगाचं मूळ म्हणजे प्रायॉन. तो ना जंतू, ना विषाणू. नुसतं वाकडं दुमडलेलं प्रथिन, जे शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही वाकडं करतं. शिजवून ते मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नसतं. 1950 च्या दशकात ही प्रथा बंद पडली, तरी काहींना पन्नास वर्षांनी कुरूनं गाठलं.

आपण गाईला सरकीची ढेप घालतो. ब्रिटनमध्ये गाईंना गुराढोरांच्याच हाडामांसाची भुकटी चारली गेली. म्हणजे गाईला न विचारता तिला घाटेअळी केलं! 1986 मध्ये तिथं गाईंच्या मेंदूचा 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला, आणि पुढं तेच प्रायॉन माणसांतही आले.

तरी माणूस माणसाला खाईल का? खातो, कोपऱ्यात सापडला तर. ऑक्टोबर 1972 मध्ये अँडीज पर्वतात विमान कोसळलं. 45 जणांतले 16 जण 72 दिवसांनंतर जिवंत सापडले. सोबतच्या मृतांचं मांस त्यांनी खाल्लं होतं. आधी काहींचा घास घशाखाली उतरेना. त्यातले कित्येक मृत त्यांचे मित्रच होते.

आबाजींनी हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बरफ होता म्हणून टिकलं असन."

भाच्यानं उरलेल्या दोन्ही अळ्या कोंबडीपुढं टाकल्या.